अठरा खिडक्यांचा लिंबाजी

फार वर्षांपूर्वी सावरगव्हाणच्या ओढ्याला बारा महिने पाणी असे, असं म्हणतात. आता ते खरं मानायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ओढ्याकडं एकदा बघून ठरवावं. तर त्या पाण्याच्या दिवसांत सावरगव्हाणात लिंबाजी नावाचा सुतार राहत होता, आणि ही गोष्ट त्याची आहे.

सावरगव्हाणचं नाव होतं ते कोष्टी आळीमुळं. अठरा घरं आणि घरटी एक माग. तिथलं लुगडं विरेल, फाटेल, पण रंग सोडणार नाही, अशी त्याची ख्याती. लेकीच्या लग्नात सावरगव्हाणचं लुगडं आलं की वरमाय नाक मुरडायचं विसरे. लुगडी अशी दूरदूर जात, विणणारे मात्र आळीच्या तोंडाशीही क्वचित दिसत. पहाटे मागावर बसलेला माणूस दिवेलागणीलाच उठे.

त्या अठरा घरांपैकी एकालाही खिडकी नव्हती. कुणाला वाटेल, गरिबाला खिडकी कुठली. पण कारण निराळं होतं. सावरगव्हाणचा वारा कोरडा, आणि सूत कोरड्या वाऱ्याला भितं. वारा लागला की मागावरचा धागा तटकन तुटतो. तुटला की गाठ मारावी लागते, आणि गाठ दिसली की कसब्याचा व्यापारी कापड परत करतो. म्हणून भिंतीला बोटभर भोक ठेवायचं नाही, दाराला ओलं तरट लावायचं, भुईवर पाणी शिंपडत राहायचं, हा आळीचा रिवाज. मागाखाली कमरेइतका खड्डा असे आणि त्यात पाय सोडून विणकर बसे. त्या खड्ड्यातली ओल बारा महिने वाळत नसे. सूत मजेत राही आणि माणूस खोकत राही.

कोष्टी आळीचा खोकला पंचक्रोशीत ठाऊक होता. वैद्य अडुळसा देई, भगत अंगारा देई, आणि दोघंही आपलं काम झालं म्हणून घरी जात. लोक म्हणत, त्यांच्या रक्तातच आहे ते. कुणी सांगे की आळीच्या मूळपुरुषानं देवीसाठी विणलेलं लुगडं बायकोला नेसवलं, त्याचा हा कोप. असलं काही सांगितलं की सांगणाऱ्यालाही बरं वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही, कारण मग कुणालाच काही करावं लागत नाही.

लिंबाजी नांगर करी, बाजा करी, पाळणे करी. पण त्याचा हात खरा चाले मागावर. मागाखालच्या खड्ड्यात दोन पावड्या असतात. विणकर त्या पायांनी दाबतो, एक दाबली की एक उठते, तेव्हा कुठं सूत उघडतं आणि आडवा धागा नेणारा धोटा धावतो. पावडी पायाला नेमकी पोचली पाहिजे. कमी पडली तर कंबर जाते, जास्त झाली तर गुडघे जातात. म्हणून मागावर नवा माणूस बसला की सुताराला बोलावणं येई. असं म्हणतात की लिंबाजी समोरून येणाऱ्या माणसाच्या पायाचं माप लांबूनच सांगे आणि बोटभरही चुकत नसे.

शेतकऱ्याच्या घरी त्यानं केलेली बाज आजा वापरी आणि नातवाला देई. कोष्ट्याच्या घरी मात्र माग तोच राही आणि दर पाच-सहा वर्षांनी नवा पाय येई. बाप गेला म्हणून थोरला, थोरला गेला म्हणून मधला. लिंबाजी जाई, माप घेई, पावडी वरखाली करी, आणि घरी येऊन भाकरी खाई. वीस वर्षं त्यानं हेच केलं. सुताराची नजर लाकडावर. लाकडावर पाय ठेवणारा का बदलतो, हे विचारायला त्याला वीस वर्षं लागली, याचं त्याला पुढं जन्मभर वाईट वाटलं.

त्याला विचारायला लावलं ते सिदूनं. राघो कोष्टी लिंबाजीच्या बरोबरीचा. राघोची बायको धाकट्याच्या बाळंतपणात आठव्या दिवशी गेली. तेव्हा लिंबाजीची बायको जमना हिच्या अंगावर तिची मुलगी पीत होती. तिनं त्या आठ दिवसांच्या पोराला उचललं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं. गावात थोडी कुजबुज झाली. जमना म्हणाली, पोर रडतंय ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझी जात मात्र बरी ऐकू येते. कुजबुज थांबली. ते पोर म्हणजे सिदू. तो लिंबाजीला आबा म्हणे आणि जमनेला आई. लिंबाजीला पोटचा मुलगा नव्हता, लेकी सासरी गेल्या होत्या, त्यामुळं त्याचा सगळा जीव सिदूत अडकलेला.

राघो गेला. सिदूचा थोरला भाऊ म्हादू मागावर बसला, आणि सत्ताविसाव्या वर्षी तोही गेला. चौदावा झाला आणि निरोप आला की आता सिदू बसणार आहे, माप घ्यायला या.

लिंबाजी गेला. सिदू खड्ड्याच्या काठाला बसला आणि त्यानं पाय खाली सोडले. त्याची बायको सुंद्रा दाराचं तरट भिजवत होती. लिंबाजीनं मापाची काठी हातात घेतली आणि तेवढ्यात सिदू खोकला. एकदाच. धूळ गेली असंल म्हणाला आणि हसला. लिंबाजीची काठी काही पायापर्यंत गेली नाही. आज नको, उद्या येतो, असं सांगून तो बाहेर पडला.

वाटेत ओढ्याकाठी त्याला दगडू भेटला. दगडू हा राघोचा सख्खा थोरला भाऊ. लहानपणी उसाच्या चरकात त्याचा अंगठा गेला होता. अंगठ्यावाचून धोटा फेकता येत नाही, म्हणून आळीनं त्याला गावाची गुरं राखायला लावलं. बिनकामाचा म्हणून त्याच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येई. आणि हा दगडू पासष्ट वर्षांचा होऊन पलीकडच्या टेकाडावरच्या म्हशीला अशी हाळी घालत होता की म्हैस सोडून गावातली माणसं वळून बघत.

लिंबाजी त्याच्याकडं बघत उभा राहिला. आई तीच, बाप तोच, देवीचा कोपही तोच. त्यानं विचारलं, "दगडूबा, तुला कधी खोकला न्हाई झाला?"

"मला कामून हुईल?" दगडू म्हणाला. "मला कोण आत बसू देतंय? मी आपला जल्मभर भाईरच."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी सिदूच्या घरी आला तो काठी न घेता. खांद्यावर पहार होती आणि हातात पटाशी. त्यानं पूर्वेची भिंत बोटांनी चाचपली आणि पहार घातली. माती भळाभळा पडली. ज्या घरात तीन पिढ्यांत ऊन आलं नव्हतं त्या घरात ऊन आलं, आणि सुंद्रानं पहिल्यांदा स्वतःची चूल नीट बघितली, असं म्हणतात.

मग तिनं विचारलं, "मामंजी, पर सुताचं कसं?"

"सुताला काय हुतंय?" लिंबाजी म्हणाला. "मी लाकूड वाऱ्यातच वाळवतो. वारा लागल्याबिगर लाकूड टिकत न्हाई. सूतबी झाडाचंच की."

इथं लिंबाजी चुकला. मनानं नाही चुकला, हातानंही नाही. सुतार म्हणून चुकला. लाकडाला वारा मानवतो, सुताला ओल मानवते, आणि दोन्ही झाडांचीच. हे सुंद्राला ठाऊक होतं, पण दुधाच्या सासऱ्याला उलट बोलायचं कसं, म्हणून तिनं पडलेली माती पाटीत भरायला घेतली.

तो आषाढ होता. हवेतच ओल, त्यामुळं सुताला काही कळलंच नाही. सिदूचं माप लिंबाजीनं खिडकीच्या उजेडात घेतलं. महिन्याभरात त्याचा खोकला गेला. शेजारच्या घरानं ते बघितलं आणि बोलावणं धाडलं, मग त्याच्या शेजारच्यानं. लिंबाजीनं वादळात पडलेलं एक बाभळीचं झाड घेतलं आणि त्याच्या चौकटी करत गेला. कुणाकडून काही घेतलं नाही. असं म्हणतात की अठरावी चौकट झाली तेव्हाही ते झाड पहिल्या दिवशी होतं तेवढंच शिल्लक होतं.

त्या सालचा पावसाळा आणि हिवाळा आळीनं पुढं कित्येक पिढ्या आठवला. पोरांच्या गालावर रंग आला. अंथरुणाला खिळलेली एक बाई उठून पाणवठ्यावर गेली. पहाटे खोकल्याचे आवाज ऐकून उठायची गावाला सवय होती. तो आवाज थांबला तसे लोक उशिरा उठू लागले, आणि पाटलांची म्हैस दोन-तीनदा दुपारी पिळली गेली, असं म्हणतात. नऊ महिने आळीतून तिरडी निघाली नाही. लिंबाजी संध्याकाळी आळीतून उगाच एक चक्कर मारी. घराघरातून लोक त्याला गूळ-पाणी देत. तो खिडकीपाशी थांबून आत बघे, सिदू धोटा फेकत असे, आणि लिंबाजीला वाटे की आपण जन्माला आलो ते याचसाठी.

मग होळी झाली आणि वारा फिरला.

पहिल्याच दिवशी सिदूच्या मागावर सूत चाळीस वेळा तुटलं. दुसऱ्या दिवशी तो विणत नव्हताच, नुसत्या गाठी मारत होता. अठराही घरी तेच. त्यांनी भुईवर घागरी ओतल्या, ती भुई घटकेत वाळली. रात्री खिडक्या उघडायच्या आणि दिवसा झाकायच्या, असंही करून बघितलं, पण रात्रीचा वारा भिंतीतली ओल पिऊन जाई आणि ती परत भरायला चार दिवस लागत. पंधरवड्यानं व्यापाऱ्याचा गाडा आला आणि जोंधळा न उतरवता परत गेला. आळी कापड देई आणि व्यापारी त्याबदली जोंधळा देई. शेत कुणालाच नव्हतं. कापड नाही तर जोंधळा नाही, एवढा साधा हिशेब.

लिंबाजी पायी कसब्याला गेला. व्यापाऱ्याला म्हणाला, होळीपासून आषाढापर्यंत गाठीचं कापड घे, बाकी आठ महिने ते तुला आरशासारखं कापड देतील. व्यापारी वाईट माणूस नव्हता. त्यानं लिंबाजीला बसवलं, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुतारबुवा, गिऱ्हाईक लुगडं उजेडात धरून गाठ बघतं. विणणारा जगला का मेला, ते त्याला लुगड्यात दिसत न्हाई."

परत येताना त्याच्या मनात आलं की गाव आहे की आपलं. रब्बीची सुगी नुकतीच झाली होती. जमिनीतली धान्याची पेवं तोंडोतोंड भरून वर माती लिंपलेली. त्यानं चावडीवर गाव गोळा केलं. त्याचं मागणं साधं होतं. उन्हाळ्याचे चार महिने आळीचे माग थांबू द्या, खिडक्या उघड्या राहू द्या, आणि ते चार महिने गावानं आळीला जोंधळा द्यावा. त्या चार महिन्यांत आळी गावाची पडेल ती कामं करील.

"खोकला त्यांच्या रगतात न्हाई, पाटील," तो म्हणाला. "भिंतीत हाय. भिंत मी फोडली. पर ती उघडी ठेवायला दाणं लागत्यात, आन् ते मपल्यापाशी न्हाईत."

पाटलांनी मान हलवली. म्हणाले, गोष्ट खरी आहे. मग शेतकऱ्यांकडं बघितलं. शेतकरी म्हणाले, गोष्ट खरी आहे, पण पुढच्या वर्षी पाऊस नाही पडला तर? वाणी म्हणाला, यांना दिलं तर उद्या कुंभार मागतील. भगत म्हणाला, देवीच्या कोपात माणसानं हात घालू नये. वैद्यानं तपकीर ओढली. नाही असं त्या दिवशी चावडीवर कुणीच म्हटलं नाही. सगळे म्हणाले बघू. आणि बघू म्हणत म्हणत उठून घरी गेले, कारण जेवायची वेळ झाली होती.

लिंबाजीला सुताराचं बलुतं म्हणून वर्षाचा जोंधळा नुकताच मिळाला होता. जमनानं तो एका शब्दानंही न विचारता पाटीत भरायला घेतला. अठरा घरांना तो नऊ दिवस पुरला. तो दहा दिवस पुरला असंही काही जण सांगतात, पण एका दिवसानं काय होणार.

अकराव्या दिवशी आळीतली चार माणसं लिंबाजीच्या दाराशी आली. ती भांडायला आली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती हात जोडून आली. त्यांच्यात सिदू पुढं होता.

"आबा," सिदू म्हणाला, "फळ्या लावा. तुमच्या हातानं लावा, म्हंजी फट ऱ्हाणार न्हाई."

"आन् खोकला?"

"खोकला मोप दिस घेतो, आबा. भूक थांबत न्हाई."

ज्या बाभळीच्या चौकटी केल्या होत्या त्याच बाभळीच्या लिंबाजीनं फळ्या काढल्या. पहिल्या घरापासून सुरुवात केली. खिडकीत बसलेली पोरं बाजूला व्हायची, तो फळी बसवायचा, खिळे मारायचा, आणि आतला उजेड जायचा. कुणी त्याला बोल लावला नाही. एका म्हातारीनं उलट त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सिदूचं घर त्यानं शेवटी ठेवलं. तिथं सुंद्रा फळी धरायला उभी राहिली. तिसरा खिळा मारताना लिंबाजी मध्येच थांबला आणि भिंतीला टेकला, आणि सुंद्रानं त्याच्या हातातला हातोडा घेऊन चौथा खिळा स्वतः मारला.

लिंबाजीचं काम इतकं चोख की खरंच कुठं फट राहिली नाही. आयुष्यात त्यानं एखादं काम वाईट करायला हवं होतं ते हेच, असं तो जमनेला म्हणाला.

पाऊस आला तरी फळ्या निघाल्या नाहीत, कारण पावसाळ्या-हिवाळ्यात भिंतींत कोंडलेली ओलच पुढचा उन्हाळा निभावून नेई. सिदू पुढं चार वर्षं विणत होता. त्याची लुगडी आळीत सगळ्यांत देखणी, व्यापारी ती वेगळी बांधून नेई. लिंबाजी अधूनमधून चावडीवर जाई आणि तेच चार महिने मागे. लोक त्याला मानानं बसवत, गोष्ट खरी आहे म्हणत, आणि बघू म्हणत. पाचव्या वर्षी माघात सिदू गेला. त्याला पोचवायला अख्खा गाव आला होता, आणि लोक खरोखरच रडले, त्यात खोटं काही नव्हतं.

चौदावा झाला आणि लिंबाजीला निरोप आला. सिदूचं पोर अजून रांगत होतं. मागावर सुंद्रा बसणार होती.

लिंबाजी गेला. दिव्याच्या उजेडात तिनं पाय खाली सोडले. लिंबाजी काठी धरून उभाच राहिला. मग सुंद्राच म्हणाली, "घ्या, मामंजी. माप चुकलं तर कंबर जाईल मपली." त्यानं माप घेतलं. पावडी चार बोटं वर घेतली. नको म्हणावं, तर बदल्यात द्यायला त्याच्यापाशी दाणेही नव्हते.

त्यानंतर लिंबाजीनं अवजाराला हात लावला नाही. तो सिदूच्या घराच्या बाहेरून, त्या फळीखाली, भिंतीला पाठ लावून बसे. ऊन वाढलं तरी उठत नसे. जमना भाकरी तिथंच आणून देई. वैशाख वद्य सप्तमीला, भर दुपारी, वावटळ सुटली असताना तो तसाच बसल्याबसल्या गेला.

आणि असं म्हणतात की त्या क्षणी अठराही घरांच्या फळ्या खिळ्यांसकट निखळून पडल्या. सगळ्या एकदम. आवाज असा झाला की टेकाडावरची गुरं उधळली. वैशाखातला तो वारा अठरा खिडक्यांतून आत घुसला, घराघरातून फिरला, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अठरा मागांवर एकही धागा तुटला नाही. लोक धावत आले. सुंद्रा मागावरून उठून खिडकीपाशी आली आणि गावाकडं बघत राहिली. त्या दिवशी पाटलांनी आपल्या हातानं पेवावरची माती उकरली आणि पहिली पाटी आळीत पाठवली.

तेव्हापासून सावरगव्हाणात वैशाख वद्य सप्तमी लिंबाजीची म्हणून पाळतात. त्या दिवशी कोष्टी आळीत माग चालत नाही आणि चूल पेटत नाही. गावातल्या प्रत्येक घरातून आळीत जोंधळा जातो, भाकरी जातात, पहिली पाटी पाटलांच्या घरची. पाटलांच्या घराला त्या मानाचा फार अभिमान आहे. सुतारांच्या घरातला माणूस घरोघरी जाऊन फळ्या काढतो, पोरं खिडक्यांत बसून पाय हलवतात, आणि आळीतले आजारी लोक उन्हात आणून बसवतात. बाहेरगावचं कुणी आलं तर त्याला हे बघून भरून येतं. गाव त्याला सगळी गोष्ट सांगतं, चावडीसकट सांगतं, काही लपवत नाही. लिंबाजीनं किती मागितलं होतं असं त्यानं विचारलं, तर चार महिने म्हणून खरं उत्तर देतं.

एक दिवस तरी देतो की आम्ही, असंही कुणी हळूच म्हणतं. अष्टमीच्या पहाटे, वारा सुटायच्या आत, आळीतल्या बायका उठतात, भुईवर पाणी शिंपडतात आणि एकेक फळी परत लावून घेतात.